शेवटचा फर्मा

९ जानेवारी

न्यायाधीश मेला. पान अकरा. अभ्यासिकेला आतून कडी, खिडकीला गज, टेबलावर अर्धा पेला दूध.

ताई म्हणाली, "थांब. दुधावर साय धरली होती का?"

मागे जाऊन पाहिलं. लिहिलेलं नाही.

"मग या लेखकाने जन्मात दूध तापवलेलं नाही. पुढे वाच."

चार ते सहा वाचन. पान चोवीसपर्यंत. घरात पाच माणसं — दुसरी बायको, मुलगा, मेहुणा, स्वयंपाकीण, कारकून. पुलावरून पाणी गेलेलं, म्हणून बाहेरचा कोणी आत येऊ शकत नाही, आतला कोणी बाहेर जाऊ शकत नाही. ताईला असलीच घरं आवडतात.

आमचंही हल्ली तसंच झालं आहे.

१० जानेवारी

साडेपाचची गोळी ताई विसरली. मीही विसरलो. दोघंही न्यायाधीशाच्या विहिरीत वाकून बघत होतो. पावणेसातला तिच्या लक्षात आलं. "दुखलंच नाही रे," म्हणाली. मग लगेच दुखायला लागलं.

१२ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, आता आठवडे मोजायचे, महिने नाहीत.

आत आलो तर ताई — "किती म्हणाला? सहा की चार?"

छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईपासून काय लपवणार. डॉक्टर 'गाठ' म्हणतात. शेजारीण 'आजारपण' म्हणते. ताई 'कॅन्सर' म्हणते आणि वर माझी परीक्षा घेते. "स्वादुपिंड कुठे असतं? हात लावून दाखव." मी हात लावला. "ते मूत्रपिंड, गाढवा. आणि तेही चुकीच्या बाजूचं दाखवतोयस, नशीब दोन असतात."

मग म्हणाली, "एक सांगून ठेवते, छोट्या. त्या वेळी तू खोलीत नको."

"मी असणार."

"अकरा वर्षांचा असताना होतास. काय झालं?"

"आता अठ्ठावन्नचा आहे."

"असशील. मला काही दिसत नाही."

हे खरंच आहे. साखरेने तिचे डोळे दोन वर्षांपूर्वीच नेले. उजेड कळतो, माणूस कळतो, अक्षर कळत नाही. तेव्हापासून मी वाचतो.

पण मी असणार. हात धरून बसणार. दुसरं काही माझ्या हातात नाही, एवढं आहे. इथे लिहून ठेवतो म्हणजे पळवाट राहणार नाही.

१५ जानेवारी

आई गेली तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. वडील कामावर, ताई नर्सिंगच्या वसतिगृहात. आईने पाणी मागितलं, मी पेला भरून आणला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, पाणी का घेत नाही?

त्यानंतर मी पाच महिने बोललो नाही. शाळेत मुलं मुका म्हणायची. डॉक्टर झाले, वडिलांचा मार झाला. मग ताई सुट्टीला आली. तिने माझ्यासमोर एक फाटकं पुस्तक टाकलं. म्हणाली, "यात एका माणसाचा खून झालाय. कोणी केला ते मला सांग. मला वाचायला वेळ नाही."

तीन दिवसांत वाचलं. जेवलो की नाही आठवत नाही. त्या तीन दिवसांत आई मेलेली नव्हती, असं नाही. पण मी तिथे नव्हतो, एवढं नक्की. मी एका बंदरावरच्या गोदामात होतो, पोत्यांमागे, श्वास रोखून. चौथ्या दिवशी सकाळी ताईच्या पलंगाशी जाऊन म्हणालो, "भागीदाराने."

पाच महिन्यांनी पहिला शब्द. ताई म्हणाली, "मला वाटलंच होतं."

खुनाच्या पुस्तकात कोणीतरी केलेलं असतं. त्यामुळे बरं वाटतं. आईला कोणी मारलं नव्हतं. अडचण ती होती.

१७ जानेवारी

पैज लागली. मी — कारकून. ताई — स्वयंपाकीण.

मी म्हणालो, कारकून प्रत्येक वाक्याला 'साहेबांच्या कृपेने' म्हणतो. ज्याच्यावर खरी कृपा असते तो सारखा बोलून दाखवत नाही.

ताई म्हणाली, "दूध कोणी दिलं? स्वयंपाकिणीने. संपलं."

"इतकं सोपं?"

"खून सोपाच असतो. पुस्तकं जाड असतात."

दोन वर्षांत चौतीस कादंबऱ्या वाचल्या. चौतीस वेळा ताई बरोबर, मी चूक. ही पस्तिसावी.

१९ जानेवारी

वाचनालयात दिवसभर खळ आणि पुठ्ठे. सात पुस्तकं शिवली. मालक म्हणाले, "अहो बाइंडर, तुमच्या त्या रडक्या कपाटाला कोणी हात लावत नाही हल्ली, रद्दीत काढू का?" मी म्हणालो, मी लावतो की. "तुम्ही वर्गणी भरता का?"

मालक स्वतः एक ओळ वाचत नाहीत. विचारलं तर म्हणतात, सोनार कधी दागिने घालून बसतो का.

ताई खुनाच्या कपाटाची, मी रडक्या कपाटाचा. वर्षानुवर्षांची वाटणी. एकटा असलो की मला ताटातुटीच लागतात — न पोचलेली पत्रं, चुकलेल्या गाड्या. टेबलाशी एक पान शिवायला घेतलं की दोन पानं वाचून होतात. ताई म्हणते, "तुला रडायला भाड्याची माणसं लागतात." खोटं नाही. स्वतःच्या नावावर मला जमत नाही.

खुनाचं पुस्तक निवडताना मात्र एकच गोष्ट बघतो, खूण. जुन्या सभासदांची पद्धत आहे. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानाच्या तळाशी आपली बारीक खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. कोणी मासा काढतं, कोणी अर्धचंद्र. मालक सुरुवातीला ओरडायचे, मग थकले. ताईची खूण वॉर्डातल्या तक्त्यावरची, औषध दिलं की करायची ती — एक तिरकी रेघ, वर टिंब, खाली टिंब. मी सगळ्यांच्या खुणा ओळखतो. माझी नाही. ज्याने शिवलं त्याला खूण कशाला.

शेवटचं पान बघताना मजकुरावर पुठ्ठा धरतो. फक्त तळ बघतो. चुकून खुनी दिसला तर वाचताना आवाजात येतो, ताई लगेच पकडते. आमच्या घरात खुनी तोंडी सांगत नाहीत. छापलेला, आणि आपल्या पानावरच भेटला पाहिजे.

या पुस्तकाच्या तळाला मासा होता, अर्धचंद्र होता, एक फुली होती. ताईची रेघ नव्हती. घरी येऊन विचारलं, वाचलंयस का. "खूण आहे का?" नाही. "मग नाही वाचलेलं."

२१ जानेवारी

पान २४०. ताईने दुपारचा भात परत केला. दोन घास.

२२ जानेवारी

आज वाचताना न्यायाधीशाच्या मुलाची जबानी आली. बाप मेला तेव्हा तो बागेत फिरत होता, दहाच मिनिटं. पोलिसांना ते खरं वाटत नाही.

ताई म्हणाली, "मला वाटतं. वॉर्डात कितीदा बघितलंय. चार-चार दिवस उशाशी बसलेली माणसं. डोळ्याला डोळा नाही. चहाला म्हणून खाली जातात, आणि इकडे पेशंट जातो. मग ऊर बडवतात — दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं?"

"काय झालं होतं?"

"अरे, तो त्या दहा मिनिटांचीच वाट बघत असतो. आपल्या माणसासमोर जाणं अवघड असतं. कोणी सोडतच नाही."

मी पुढे वाचू लागलो. ती म्हणाली, "ऐकतोयस ना?" मी म्हणालो, मुलगा खुनी नाही हे मला आधीच माहीत आहे.

२४ जानेवारी

हे लिहायला लाज वाटते.

पान ३०४. निरीक्षकाने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. दार लावलं. म्हणाला, 'तुमच्यापैकी एक जण त्या रात्री दोनदा जिना उतरला, आणि त्याचं नाव' — पान उलटलं. ३०५. 'फलाटावर ती तशीच उभी राहिली, हातातली छत्री मिटायचंही तिला सुचेना.'

ताई म्हणाली, "कोण ती?"

मी पुन्हा वाचलं. फलाट, छत्री, गाडी सुटायची वेळ. मला ती बाई ओळखीची होती. मुख्याध्यापिका, वीस वर्षांनी परत आलेलं पत्र. रडक्या कपाटातलं पुस्तक. मी दोनदा वाचलेलं.

चूक माझीच. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं, एकेका घडीला फर्मा म्हणतात. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, दोन्ही तीनशे वीस पानांची, दोन्ही मी एकाच दिवशी उसवली. शेवटचे फर्मे अदलाबदल झाले. ३०४ नंतर ३०५, आकडा बरोबर, म्हणून पडताळणीत सुटलं. सदतीस वर्षांत असं झालेलं नाही.

शिलाईची तारीख आतल्या पुठ्ठ्यावर मीच लिहितो. पाहिली. ताईचा तपासणीचा अहवाल आला तो दिवस.

ताईला सांगितलं. ती हसली. इतकी की उशी आधाराला द्यावी लागली. "म्हणजे आमच्या खुन्याला तू मुख्याध्यापिकेच्या घरात लपवलंस."

मग म्हणाली, "आलोच आहोत फलाटावर तर वाच."

वाचलं. ताई मधेमधे — "हा गाडीतून उतरत का नाही?" "पुढच्या थांब्यावर उतरेल की, जग बुडालं का?" पण छत्रीचा परिच्छेद तिने तीनदा वाचायला लावला. मी विचारलं, आवडला? "छे. तुझा आवाज बरा लागलाय त्यात."

२५ जानेवारी

मालकांनी नोंदवही पाहिली. रडकं पुस्तक सभासद क्रमांक २१२ कडे. दंतवैद्याची आई. पंधरा दिवस झाले. खुनाच्या पुस्तकाची दुसरी प्रत नाही, प्रकाशक कधीच बंद पडला. मालक म्हणाले, "इतके जुने सभासद आहेत, एखाद्याला फोन लावतो, खुनी कोण ते आत्ता कळेल." मी त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "कोणी तोंडी सांगितलं तर तुझं तोंड बघणार नाही. तू जा. फर्मा घेऊन ये."

२७ जानेवारी

दंतवैद्याकडे गेलो. त्याचे दोन्ही हात कोणाच्या तरी तोंडात. "आई मावशीकडे गेलीय, तीस तारखेला येईल," एवढं सांगून पुन्हा यंत्र सुरू. पाऊण तासात परत.

ताई म्हणाली, "इतक्यात आलास?"

मी म्हणालो, बाई नव्हत्या.

"मग जरा फिरून यायचं. घरात काय अंडी उबवायची आहेत?"

३० जानेवारी

पुन्हा गेलो. बाईंनी मुक्काम वाढवला आहे. मावशीचं घर बसने दोन तासांवर. दंतवैद्याने पत्ता लिहून दिला, वर माझी खालची दाढ काढायला झालीय असंही सांगितलं. फुकट.

ताईजवळ शेजारणीला बसवून गेलो होतो. वरच्या मजल्यावरची, शाळेत गणित शिकवायची. परत आलो तर ती तिच्या घरी. म्हणाली, "सिस्टरनीच पाठवलं हो भाऊ. म्हणाल्या, जरा पडते, तुम्ही जा."

ताई डोळे उघडे ठेवून पडली होती. "आलास होय," म्हणाली.

१ फेब्रुवारी

मी सांगून टाकलं, दोन तासांवर जाणार नाही. चार तास येण्या-जाण्यात, वर शिवायला वेळ. इतका वेळ तुला सोडणार नाही.

ताईने दूध घेतलं नाही. औषध घेतलं नाही. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आयुष्यभर शेवटचं पान वाचल्याशिवाय दिवा घालवला नाही मी. रात्रपाळी असली तरी. आता तू मला तीनशे चारवर पाठवणार."

मी म्हणालो, स्वयंपाकीण नाही, कारकून आहे.

"सिद्ध कर."

२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस असतील, जास्तही निघतील. नाडी बरी आहे. मी विचारलं, एक दिवस बाहेरगावी जाऊन आलो तर? "संध्याकाळी परत येताय ना? मग जा. तुमचीही तब्येत बघा."

परवा जाणार. शेजारीण दिवसभर बसायला तयार आहे.

ताईने आज चार चमचे भात खाल्ला. मला दाखवून.

४ फेब्रुवारी, बसमध्ये

अक्षर हलतंय. पिशवीत मुख्याध्यापिकेचा फर्मा, दाभण, दोरा, खळीची बाटली.

निघताना ताई म्हणाली, "पाय बघ रे माझे. गार लागतायत का?" लागत होते. "कुठपर्यंत?" मी हात लावला. गुडघ्यापर्यंत. "बरं," म्हणाली. मी दुसरं पांघरूण घातलं. नखंही निळसर वाटली, खोलीत उजेड कमी होता. म्हणालो, आज नको, उद्या जातो. ती म्हणाली, "आजच जा. आणि धावत येऊ नकोस, घाईत टाका चुकवशील. एकदा चुकवलास तेवढा पुरे."

माझा हात धरला. नेहमीसारखा, नाडी बघतात तसा, बोटं मनगटावर. थोडा वेळ मोजलं. "ठीक आहेस," म्हणाली.

रस्ता खराब आहे. थांबतो.

५ फेब्रुवारी

ताई काल गेली. चार वाजून दहा मिनिटांनी.

मी नव्हतो.

६ फेब्रुवारी

घरात माणसं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आल्या होत्या, चौघीजणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. एकीने येताच पलंगाची चादर ओढून सरळ केली. मग तिच्या लक्षात आलं, पलंग रिकामा आहे.

८ फेब्रुवारी

मी कुठे होतो ते लिहिलं पाहिजे.

दंतवैद्याची आई ऐकायला कमी. तिला समजवायला अर्धा तास. ती पान दोनशे नव्वदवर होती. पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "आता शेवट आलाय आणि तुम्ही शेवटच काढून न्यायला आलात?" मी ओरडून सांगितलं, यातला शेवट तुमचा नाही, तुमचा माझ्याकडे आहे. "असं कसं? मग हा कोणाचा?" बहीण आतून म्हणाली, "अगं, दातांचं काहीतरी म्हणतायत ते."

जेवणाच्या टेबलावर उसवलं, बदललं, शिवलं. तीन वाजून गेले. साडेतीनची बस मिळाली असती.

बाई म्हणाली, "शिवलंत तसं वाचूनही दाखवा. माझे डोळे दमले. पंधरा पानं तर राहिलीत आधीची." मी म्हणालो, बस आहे. ती म्हणाली, साडेचारलाही आहे. आणि मी बसलो.

कोणी जबरदस्ती केली नाही. मला वाचायचं होतं. घरात अकरा दिवस खुनी अडकलेला, ताईचं दुखणं, गोळ्यांच्या वेळा — आणि इथे उन्हाची खोली, दोन म्हाताऱ्या, आणि फलाट. मोठ्याने वाचत होतो. बहीणही येऊन बसली. छत्रीच्या परिच्छेदाला दोघी रडल्या. मीही. चांगलं वाटत होतं. किती चांगलं, ते इथे लिहिणं भाग आहे. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. त्याच्याकडे मी नंतर पाहिलं. चार वीस.

म्हणजे ताई गेली तेव्हा मी फलाटावर होतो. परक्या बाईंना मजेत वाचून दाखवत.

अकराव्या वर्षी पेला घेऊन उभा होतो, तेव्हा निदान खोलीत होतो.

११ फेब्रुवारी

शेजारीण आली होती. खाली मान घालून बसली. मी विचारलं नव्हतं, तीच सांगू लागली. "मी दिवसभर हलले नाही हो भाऊ. शपथ. चारला सिस्टर म्हणाल्या, दूध प्यावंसं वाटतंय. मला बरं वाटलं. म्हटलं, इथेच तापवते. तर म्हणाल्या, तुमच्याकडचं आणा, तुमचं दाट असतं. आणि नीट तापवा, साय धरू दे."

दहा मिनिटं लागली म्हणते. बारा असतील. गणिताची बाई, सारखी मिनिटं मोजते आहे.

"पेला तसाच राहिला. साय धरली होती."

मी तिला म्हणालो, तुमचा काही दोष नाही. तिनेही मला तेच म्हटलं. आमच्यातला एक जरी खोलीत असता.

१४ फेब्रुवारी

कामावर गेलो. मालकांनी टेबल झाडून ठेवलं होतं. जेवायच्या वेळेला म्हणाले, "ते रडकं कपाट राहू दे आपण." बरं म्हणालो.

वाचायला घेतलं. अक्षरं दिसतात. आत जाता येत नाही. प्रत्येक पुस्तकाला आतून कडी.

१६ फेब्रुवारी

शेवटचा फर्मा पिशवीतच आहे. चार वाजले की हात तिकडे जातो. ज्याच्यासाठी ताईला एकटं टाकलं ती ही सोळा पानं. वाचून कोणाला सांगू?

फाडून टाकावा असंही आलं मनात. बाइंडरच्या.

१९ फेब्रुवारी

चारला खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली आणि मोठ्याने वाचला. ३०५ ते ३२०. साडेचारला संपला.

कारकून.

दोन वर्षांत पहिल्यांदा मी बरोबर, ताई चूक. स्वयंपाकीण तर त्या रात्री घरातच नव्हती. मुद्दाम बाहेर, आवारातल्या गोठ्यात पाठवलेली होती.

मग पुठ्ठा न धरता पानाचा तळ पाहिला. मासा नाही. अर्धचंद्र नाही; त्या खुणा मुख्याध्यापिकेच्या फर्म्यावर होत्या. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीची, वीसेक वर्षांपूर्वीची, पुसट झालेली एक तिरकी रेघ. वर टिंब, खाली टिंब.